दिनकर गंगाधर केळकर

दिनकर गंगाधर केळकर ऊर्फ अज्ञातवासी (जन्म : करंजगाव, मावळ, १० जानेवारी १८९६, मृत्यू : १७ एप्रिल १९९०) हे मराठी कवी, वस्तुसंग्राहक आणि पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक होते. 'काकासाहेब केळकर' या नावानेही ते परिचित होते. दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे, भांडी, वाद्ये, कोरीव दारे-खिडक्या अशा नित्याच्या वापरातील हजारो जुन्या वस्तू त्यांनी स्वतःच्या मिळकतीतून जमवल्या आणि १९७५ मध्ये हा सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. भारतीय दिव्यांचे अभ्यासक म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते. या विषयावरील त्यांचा 'लॅम्प्स ऑफ इंडिया' हा इंग्रजी ग्रंथ भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ मध्ये प्रसिद्ध केला.

जीवन आणि काव्यलेखन

केळकरांचा जन्म पुणे जिल्ह्याच्या मावळ भागात कामशेतजवळील करंजगाव येथे झाला. त्यांचे पुढील सर्व आयुष्य पुण्यात गेले. चष्म्यांचा व्यवसाय हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. संग्रहाला कोणत्याही संस्थानाचा किंवा मोठ्या उद्योगाचा आधार नव्हता, ही गोष्ट त्याचा विस्तार पाहताना लक्षात ठेवावी लागते.

तरुणपणी त्यांची ओळख प्रथम कवी म्हणून झाली. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने त्यांनी कविता लिहिल्या आणि 'अज्ञातनाद' या नावाने त्या संग्रहित झाल्या. भा. रा. तांबे यांच्या कवितांच्या संपादनातही त्यांचा वाटा होता. इतिहासातील व्यक्ती आणि प्रसंग यांची त्यांना ओढ होती. या ओढीतूनच जुन्या वस्तूंकडे त्यांचे लक्ष वळले. प्रारंभीच्या काळात कविता आणि संग्रह ही दोन्ही कामे बरोबरीने चालली. मात्र कालांतराने संग्रहाने त्यांचा जवळजवळ सर्व वेळ व्यापला. आज मराठी वाचकांना 'अज्ञातवासी' हे नाव क्वचितच आठवते, तर संग्राहक केळकर सर्वांना माहीत आहेत. टोपणनावाच्या बाबतीत हा योगायोग काहीसा विलक्षण म्हणावा लागेल.

संग्रहाचा आरंभ

वस्तू जमवण्यास केळकरांनी १९२०च्या सुमारास सुरुवात केली. जुनी घरे आतून बदलण्याचा तो काळ होता. पितळी समईच्या जागी रॉकेलचा कंदील येऊन बरीच वर्षे झाली होती आणि शहरांत विजेचे दिवे लागू लागले होते. पानाचे डबे, बोरूच्या दौती, पाय घासण्याच्या वज्र्या, सुपारीचे अडकित्ते हळूहळू माळ्यावर जात होते. माळ्यावरून त्या वस्तू मोडीत निघत. पितळेची किंवा तांब्याची वस्तू वजनावर विकली जाई आणि वितळवून तिचे नवे भांडे घडवले जाई. लाकडी वस्तूंचा शेवट बहुधा चुलीत होई.

धातूच्या जुन्या वस्तूंचे हे चक्र नवे नव्हते. घरातील भांडे झिजले की ते मोडीत घालून नवे घेणे ही गृहिणींची पिढ्यान्पिढ्यांची रीत होती. तथापि पूर्वी मोडलेल्या समईच्या जागी दुसरी समई येत असे. विसाव्या शतकात मोडलेल्या समईच्या जागी तशी समई येणे थांबले. वस्तूबरोबर तिचा प्रकारही नाहीसा होऊ लागला. केळकरांच्या संग्रहाचे महत्त्व या एका फरकात आहे.

जुन्या बाजारात, भांडीवाल्यांकडे, पडक्या वाड्यांत आणि खेड्यापाड्यांतील घरांत जाऊन त्यांनी वस्तू मिळवल्या. प्रवास त्यांनी महाराष्ट्रापुरता मर्यादित ठेवला नाही. गुजरात, राजस्थान आणि दक्षिण भारतातील वस्तूही त्यांच्या संग्रहात आल्या. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबर होत्या. स्त्रियांच्या वापरातील वस्तू, म्हणजे फणेरपेट्या, करंडे, स्वयंपाकाची भांडी, वस्त्रे, संग्रहात मोठ्या प्रमाणात आहेत. अशा वस्तू घराच्या आतल्या भागात असत आणि परक्या पुरुषाला त्या सहसा पाहायलाही मिळत नसत. त्या मिळवण्यात कमलाबाईंच्या सहभागाचे मोल किती असेल, याची कल्पना यावरून येते. १९६० पर्यंत संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे १५,००० झाली होती.

पार्श्वभूमी : बदलती घरे आणि विलायती सामान

केळकरांनी काय जमवले हे समजण्यासाठी त्या काळच्या श्रीमंत घरांत काय येत होते हेही पाहणे आवश्यक आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात प्राचीन ग्रीस आणि रोम यांच्या कलेवर आधारित नवअभिजात शैली प्रचलित झाली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम या वास्तुविशारदाने इमारतीपासून खुर्ची आणि मेणबत्तीच्या घरापर्यंत सर्वत्र ती वापरली. सरळ निमुळते पाय, त्यांवर उभ्या पन्हळी, कलश, फुलांच्या माळा आणि पानांच्या वेलबुट्ट्या ही तिची ओळखीची चिन्हे होत. कंपनीच्या व्यापाराबरोबर ही अभिरुची मुंबईत आली. १८३३ मध्ये पूर्ण झालेला मुंबईचा टाउन हॉल हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. मुंबईतील कारागिरांनी शिसवी लाकडात विलायती धर्तीची मेजे, खुर्च्या आणि कोच घडवले आणि त्यांवर देशी कोरीवकामाची भर घातली.

या सामानाबरोबर काचेचे दिवे आले. झुंबरातील पैलूदार लोलक मेणबत्तीचा उजेड फोडून खोलीभर पसरवत. हंडी हा साधा प्रकार होता. छताला टांगलेल्या काचेच्या भांड्यात खाली पाणी, वर तेलाचा थर आणि त्यात वात अशी तिची रचना असे. तेल संपले की पाण्यामुळे वात आपोआप विझे आणि काच तडकण्याचा धोका टळे.

वऱ्हाडात ही लाट कापसाच्या पैशाबरोबर आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचा भाव वाढला. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला आणि बडनेरा या मार्गाने १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. कापसाच्या गाठी मुंबईकडे जात, आणि मुंबईचा माल त्याच गाड्यांनी परत येई. अमरावती, अकोला, खामगाव येथील व्यापाऱ्यांच्या आणि देशमुख-पाटलांच्या वाड्यांत सागवानी खांबांच्या बैठकीवर हंड्या-झुंबरे टांगली जाऊ लागली. स्वयंपाकघरात आणि गोठ्यात मात्र तेलाचा दिवा आणि पुढे रॉकेलची चिमणीच राहिली. एकाच घरात बैठकीचा उजेड आणि माजघराचा उजेड वेगळा असण्याची ही स्थिती पुण्यापासून वऱ्हाडापर्यंत सारखीच होती.

त्या काळातील बहुतेक धनिक संग्राहक बैठकीच्या उजेडाकडे आकर्षित झाले. केळकरांचा ओढा माजघराकडे होता.

दिव्यांचा संग्रह

केळकरांच्या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध भाग दिव्यांचा आहे. मातीची पणती, दगडी दिवा, पितळी समई, निरांजन, पंचारती, लामणदिवा, दीपलक्ष्मी, दीपवृक्ष, शमादान, मशाल, कंदील असे दिव्याचे अनेक प्रकार भारतात वापरात होते. हे सर्व दिवे एकाच कामासाठी नव्हते, आणि त्यांच्या घडणीतील फरक बहुतांशी या कामांतून आले आहेत.

समई देवघरात किंवा कीर्तनाच्या ठिकाणी दीर्घकाळ तेवत ठेवायची असते. म्हणून तिची बैठक रुंद आणि जड, दांडा उंच आणि तेलाचे ताट पसरट असते. तिचे भाग पेचाने एकमेकांत बसतात, त्यामुळे ती सुटी करून घासता येते. शिखरावर हंस, मोर किंवा कळस असतो. उचलण्यासाठी तो सोयीचा पडतो. निरांजन हे ओवाळण्याचे साधन असल्याने लहान असते, त्यात तूप आणि फुलवात वापरतात. लामणदिवा साखळीने टांगला जातो. मंगलकार्यात तो हाती धरण्याचीही रीत आहे. त्याच्या साखळीच्या कड्या आणि आकडा यांतच पुष्कळदा कारागिराने हत्ती, पोपट, स्वार किंवा नर्तकी घडवलेली असते. दीपलक्ष्मी म्हणजे दोन्ही हातांत दिव्याची पणती धरून उभी असलेली स्त्रीमूर्ती. मंदिरात नवस म्हणून अशी मूर्ती वाहण्याची प्रथा दक्षिणेत होती.

काही टांगत्या दिव्यांची यंत्रणा विशेष लक्ष देण्यासारखी आहे. वरच्या पक्ष्याच्या किंवा हत्तीच्या पोकळ पोटात तेल भरलेले असते. खालच्या ताटातील तेलाची पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की छिद्र उघडे पडते, त्यातून हवा आत शिरते आणि तेवढ्याच प्रमाणात तेल खाली उतरते. पातळी पुन्हा वर आली की छिद्र झाकले जाते आणि तेल थांबते. जोगेश्वरी येथे सापडलेला आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असलेला हत्तीचा दिवा या तत्त्वाचे प्रसिद्ध उदाहरण होय. भौतिकशास्त्राच्या पुस्तकाशी ज्यांचा संबंध आला नाही अशा कारागिरांनी हे साधले होते.

असे दिवे बहुधा मेणओतीव पद्धतीने घडवले जात. मेणात घडवलेल्या आकृतीवर मातीचा लेप देऊन तो तापवला की मेण वितळून बाहेर पडते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडूनच वस्तू बाहेर काढावी लागते. म्हणून या पद्धतीने केलेले दोन दिवे तंतोतंत सारखे नसतात, आणि त्यांतील एक वितळला की त्याची प्रतिकृती मागे उरत नाही. केळकरांनी एकाच प्रकारच्या दिव्याचे अनेक नमुने का जमवले, याचे उत्तर येथे मिळते. वरवर पाहणाऱ्याला ती पुनरुक्ती वाटते. परंतु शेजारी शेजारी मांडलेल्या दिव्यांत प्रदेशाप्रमाणे आणि कारागिराच्या हाताप्रमाणे होणारे बदल दिसू लागतात.

महाराष्ट्रात आषाढी अमावास्येला घरातील सर्व दिवे घासूनपुसून एकत्र मांडून त्यांची पूजा करतात. दीपअमावास्येचा हा पाट पुष्कळ घरांत एकेकाळी पंधरा-वीस दिव्यांनी भरत असे. 'लॅम्प्स ऑफ इंडिया' या ग्रंथात केळकरांनी जे केले ते काहीसे याच स्वरूपाचे, फक्त सबंध देशाच्या प्रमाणावर होते. दिव्याकडे केवळ शिल्प म्हणून न पाहता पूजा, लग्न, प्रवास आणि घरकाम यांतील त्याच्या स्थानासह पाहण्याची त्यांची दृष्टी होती. या विषयावर स्वतंत्र पुस्तके त्या वेळी फारशी नव्हती.

काष्ठकाम आणि मस्तानी महाल

मराठी वाड्यांतील लाकूडकाम फार थोडे टिकले आहे. १८२८ मध्ये शनिवारवाड्याला लागलेल्या आगीत आतील महाल नष्ट झाले आणि दगडी तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. १८७९ मध्ये विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला. पुढे जुलै १९६१ मध्ये पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुरात पुण्यातील नदीकाठच्या पेठांमधील कितीतरी जुनी घरे कोसळली. जे यातून वाचले ते नव्या बांधकामासाठी पाडले जाऊ लागले. केळकरांनी अशा घरांतील कोरीव चौकटी, दरवाजे, गवाक्षे, खांब आणि तुळया जमवल्या. दिवा पिशवीत घालून आणता येतो. दहा फुटी चौकट उतरवणे, आणणे आणि ठेवणे हा सर्वस्वी वेगळा उद्योग आहे.

या कामातील सर्वांत मोठा प्रयत्न मस्तानी महालाचा होय. पहिला बाजीराव पेशवा (१७००-१७४०) याने मस्तानीसाठी कोथरूड येथे १७३४च्या सुमारास महाल बांधला होता. बाजीराव आणि मस्तानी या दोघांचाही मृत्यू १७४० मध्ये झाला. त्यानंतर ही वास्तू ओस पडत गेली. विसाव्या शतकात तिचे उरलेले भाग केळकरांनी मिळवले आणि संग्रहालयात त्यांची पुनर्रचना केली. कोरीव खांब, कमानी आणि छत असलेले हे दालन आज संग्रहालयात सर्वाधिक पाहिले जाते. मूळ वास्तूचा तो जसाच्या तसा हलवलेला नमुना नाही, हाती आलेल्या अवशेषांवरून उभारलेली मांडणी आहे, हे पाहणाऱ्याने ध्यानात घ्यावे. तरीही पेशवाईच्या पूर्वार्धातील निवासी महालाचे अंतरंग कसे असेल याची कल्पना देणाऱ्या जागा फारच थोड्या आहेत.

संग्रहालयाचे नाव

'राजा केळकर' हे संग्राहकाचेच नाव आहे, किंवा 'राजा' ही पदवी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक राजा हे केळकर दांपत्याच्या एकुलत्या मुलाचे नाव होते. तो बालवयातच मरण पावला. केळकरांनी संग्रहाला त्याचे नाव दिले. मुलाचे आणि पित्याचे नाव जोडून 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' हे नाव पुढे रूढ झाले. ज्या वस्तू एरवी वारसाकडे जायच्या त्या केळकरांनी वारसाच्या नावाने लोकांसाठी ठेवल्या.

पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळच्या नातूबागेत हे संग्रहालय आहे. प्रारंभी संग्रह केळकरांच्या राहत्या घरातच होता. वस्तू वाढत गेल्या तशा त्यांनी घरातील खोल्या व्यापल्या.

शासनाकडे हस्तांतर

१९७५ मध्ये केळकरांनी संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. त्यापूर्वी १९७२ मध्ये केंद्र सरकारने पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम संमत केला होता. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर त्याने कडक निर्बंध आणले. जुन्या पितळी दिव्यांना आणि कोरीव लाकडाला परदेशी गिऱ्हाईक मिळू लागले होते. संग्रह विकला असता तर केळकरांना मोठी रक्कम मिळाली असती. उलट संग्रह खाजगी राहिला असता तर त्याची देखभाल आणि अखंडता पुढच्या पिढ्यांच्या सोयीवर अवलंबून राहिली असती. शासनाकडे सोपवल्यानंतरही केळकर संग्रहालयाशी अखेरपर्यंत निगडित राहिले.

संग्रहातील वस्तूंची संख्या पुढे २०,००० च्या वर गेली. जागेच्या अभावी त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तूच एका वेळी मांडता येतात. म्हणजे आठांतील सात वस्तू पाहणाऱ्याच्या दृष्टीआड असतात.

मूल्यमापन

केळकरांच्या कार्याचे वेगळेपण समकालीन संग्रहांशी तुलना केल्यास स्पष्ट होते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाला (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) टाटा घराण्याकडून मिळालेल्या संग्रहात युरोपीय चित्रे आणि चिनी-जपानी कलावस्तू मोठ्या प्रमाणात आहेत. हैदराबादेत तिसरे सालारजंग (१८८९-१९४९) यांनी जमवलेल्या संग्रहात युरोपीय घड्याळे, झुंबरे आणि फ्रेंच राजशैलीचे फर्निचर यांची दालनेच्या दालने आहेत. तो संग्रह १९५१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला तरी नावाने निजामाचाच राहिला होता, त्यामुळे वऱ्हाडातील धनिकांची अभिरुची घडवण्यात मुंबईबरोबर हैदराबादचाही वाटा होता. या दोन्ही ठिकाणच्या संग्राहकांजवळ अमाप संपत्ती होती आणि बाजारात ज्याची किंमत ठरलेली होती ते त्यांनी घेतले. ज्याची किंमत केवळ वजनावर होत होती ते केळकरांनी घेतले.

त्यांच्या पद्धतीला मर्यादाही आहेत. अनेक वस्तू बाजारातून किंवा हातोहाती आल्यामुळे त्या कोणत्या गावच्या, कोणी घडवलेल्या, कोणाच्या घरात वापरलेल्या, ही माहिती प्रत्येक वेळी उपलब्ध नाही. काळनिर्णय बहुधा शैलीवरून करावा लागतो. दिवे आणि अडकित्ते यांसारख्या वस्तूंमध्ये जुनी घडण पुढेही चालू राहत असल्याने तो निर्णय नेहमी नेमका ठरत नाही. संग्रहात कलाकुसरीच्या वस्तूंना साहजिकच अधिक स्थान मिळाले. अगदी साध्या, गरिबांच्या घरातील वस्तू, उदाहरणार्थ पत्र्याची चिमणी किंवा अनघड मातीचा दिवा, त्या मानाने कमी येतात. ही मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. पैठण शैलीतील चित्रकथीची चित्रे, वज्र्या, दौती, पानपुडे यांसारख्या विषयांवर काम करणाऱ्या अभ्यासकांना या संग्रहाखेरीज पुढे जाता येत नाही.

सन्मान आणि मृत्यू

भारत सरकारने केळकरांना पद्मश्री देऊन गौरवले. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. ही पदवी दिली. त्यांच्या नावामागे लावला जाणारा 'डॉक्टर' हा शब्द या पदवीमुळे आला आहे. १७ एप्रिल १९९० रोजी वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. संग्रहालय आजही नातूबागेतील त्याच जागी आहे.